सुटे घेण्याचा हक्क

रायपूरच्या बूढ़ापाऱ्यात आमच्या आत्याच्या घरी टीव्हीखालच्या खणात एक कागद जपून ठेवलेला आहे. 2019 च्या सुरुवातीला केबलवाल्या भैयाने तो घरोघर वाटला होता. हिंदीत छापलेली वाहिन्यांची यादी, प्रत्येकीपुढे किंमत आणि किमतीपुढे एक रिकामा चौकोन. आत्याने दोन संध्याकाळी बसून, चष्मा लावून, पेन्सिलीने तो भरला. खेळांच्या वाहिन्यांवर काट, इंग्रजी सिनेमांवर काट. झी मराठीपुढे 19 रुपये छापले होते. त्या चौकोनातली खूण तिने इतकी दाबून केली आहे की कागद उलटा केला तर बोटाला लागते.

तो कागद ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, नव्या दर आदेशामुळे आला होता. 1 फेब्रुवारी 2019 पासून नियम असा झाला, की जोडणीचे म्हणून महिन्याला फार तर 130 रुपये आणि त्यावर कर, त्यात 100 वाहिन्या. सशुल्क वाहिनी हवी असेल तर तिची छापील किंमत वेगळी द्यायची. वाहिनीवाल्यांनी गठ्ठे जरूर विकावेत, पण प्रत्येक वाहिनी सुटीही विकलीच पाहिजे. या आदेशाने बिले उतरली नाहीत. पुष्कळ घरांची वाढली, आणि वर्षभरातच ट्रायला तेवढ्याच 130 रुपयांत 200 वाहिन्या द्यायला लावाव्या लागल्या. बहुतेकांनी चौकोन भरण्याचा कंटाळा करून तयार गठ्ठाच घेतला. हे सगळे मान्य करूनही मला तो आदेश मोलाचा वाटतो, आणि त्याचे मोल मला पुण्या-मुंबईत कळले नसते. ते रायपुरात कळले.

इथल्या हिंदी पॅकमध्ये मराठी वाहिनी नव्हती. का असावी? पॅक बहुसंख्यांसाठी बांधलेला असतो. भोसल्यांच्या राज्यापासून मराठी घरे या मुलखात आहेत, पुढे रेल्वे, शाळा, कचेऱ्या यांच्या नोकऱ्यांनी आणखी आली. चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे. पण गल्लीत पन्नास घरे असली तर मराठी दोन किंवा तीन. अशा घराला गठ्ठ्याचा उपयोग नाही, त्याला सुटेच हवे असते. 19 रुपये आणि त्यावर 18 टक्के कर, म्हणजे 22 रुपये 42 पैशांत आत्याने आपली भाषा घरात आणली. कुणाला विनंती केली नाही, मंडळाचा अर्ज नाही, ओळख नाही. यादीत नाव होते आणि नावापुढे किंमत होती.

आता वरच्या मजल्यावरचा हिशेब. तिथे आत्याचा मुलगा, सून आणि नात राहतात. 2025 च्या दरांनी मांडायचे तर नेटफ्लिक्सचा बेसिक 199 रुपये महिना. अॅमेझॉन प्राइम वर्षाला 1499, म्हणजे महिन्याला सव्वाशे. जिओहॉटस्टारचा सुपर तीन महिन्यांना 299, म्हणजे महिन्याला शंभर. हे झाले 424. आणि हे ज्या तारेवरून येते ते ब्रॉडबँड स्वस्तातले 399 आणि कर, म्हणजे 471. बेरीज 900 च्या आसपास जाते. खाली आत्याचे केबलचे बिल 320.

वाढ कशी होते तेही पाहण्यासारखे आहे. प्राइम 2016 मध्ये वर्षाला 499 ला आले, पुढल्या वर्षी 999 झाले, 2021 च्या डिसेंबरात 1499. जून 2025 पासून त्याच पैशांत जाहिराती आल्या. त्या नको असतील तर वर्षाला आणखी 699. प्राइमच्या वर्गणीत सामान घरपोच येण्याची सोयही आहे, हे खरे. पण जाहिराती नकोत म्हणून जो अॅपकडे गेला, त्याला आता जाहिराती न पाहण्याचे वेगळे पैसे मोजायचे आहेत. आयपीएल 2023 मध्ये जिओसिनेमावर सगळ्यांना फुकट होते. 2025 मध्ये जिओहॉटस्टार झाल्यावर थोडे फुकट दाखवून पुढे पैसे मागितले. आधी सवय आणि मग दर. नेटफ्लिक्सने मात्र 2021 मध्ये भारतातले दर उतरवले होते. पाचशे रुपयांना इथे गिऱ्हाईक मिळत नाही हे त्यांना कळले. त्याच कंपनीचा अमेरिकेतला जाहिरातींविना साधा प्लॅन जानेवारी 2025 मध्ये 17.99 डॉलर झाला.

अमेरिकेतली चर्चा इथे जशीच्या तशी आणली की घोटाळा होतो. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी घराने केबल तोडली ती महिन्याला शंभराच्या घरात डॉलर जात होते म्हणून. आता चार अॅप मिळून तो खर्च पुन्हा तिथेच पोचला, ही त्यांची तक्रार रास्त आहे. आपल्याकडे केबल कधीच महाग नव्हती. त्यामुळे इथे स्ट्रीमिंग केबलच्या जागी आले नाही, बहुतेक मध्यमवर्गीय घरांत ते केबलच्या वर चढले. आत्याच्या घरात दोन्ही आहेत आणि दोन्हींचे पैसे एकाच पगारातून आणि एकाच पेन्शनमधून जातात.

पण माझी खरी तक्रार रकमेची नाही. गेल्या दिवाळीनंतर पैसे वाचवायचे म्हणून आतेभावाने केबल बंद करून आत्याला टीव्हीत अॅप लावून द्यायचे ठरवले. मीच कागद घेऊन बसलो. झी मराठीच्या मालिका झी5 वर. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी जिओहॉटस्टारवर. सोनी मराठी सोनीलिव्हवर. चार वाहिन्यांना तीन अॅप, आणि त्या प्रत्येकात आत्याला हवे असलेले अर्ध्या-पाऊण तासाचे. मी चौकोन शोधत होतो. फक्त ही एक मालिका, फक्त ही एक वाहिनी, एवढ्याचे किती, हे विचारायची जागा कुठेच नव्हती. घ्यायचे तर सगळे दुकान घ्या.

या बाबतीत स्ट्रीमिंग केबलपेक्षा महाग पडते. पंक्तीत बसलेल्याला ताट स्वस्तच पडते. पण ज्याला फक्त एक वाटी आमटी हवी, त्याला ताटाची किंमत भरायला लावणे महाग असते, मग ताट कितीही भरगच्च असो. पुण्यातल्या घराला त्या ताटातले बरेच काही चालते. रायपूर, इंदूर, बडोदा, हैदराबाद इथल्या मराठी म्हाताऱ्या माणसाला त्यातली वाटीच हवी असते. 2025 मध्ये झी5 ने निदान भाषावार पॅक आणले, म्हणजे हे अशक्य नाही. एकाला जमते तर बाकीच्यांना का जमू नये?

आणि हे आपखुशीवर सोडण्यासारखे नाही. केबलच्या दरावर ट्रायचा शब्द चालतो. वाहिनीची किंमत किती असली तर ती गठ्ठ्यात घालता येईल, गठ्ठ्याला सूट किती देता येईल, इथपर्यंत नियम आहेत. स्ट्रीमिंगसाठी 2021 चे माहिती तंत्रज्ञान नियम आहेत, पण ते आशयापुरते. कोणता कार्यक्रम तेरा वर्षांवरच्यांसाठी आणि कोणता सोळा, हे कंपन्यांनी ठरवून दाखवावे, असे ते नियम सांगतात. त्या कार्यक्रमाची किंमत कशी सांगावी, सुटा विकावा की नाही, याबद्दल कुणी काही सांगत नाही. दर बांधून द्या असे मी म्हणत नाही. चांगली मालिका करायला पैसा लागतो आणि तो प्रेक्षकाकडूनच यायला हवा. पण किंमत लिहून सुटे विकण्याची सक्ती एका तारेवर योग्य असेल तर दुसऱ्या तारेवर ती अन्याय कशी ठरते?

आत्याच्या घरापासून थोड्या अंतरावर माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा आहे. मातृभाषा मराठी असलेल्या या माणसाने जानेवारी 1900 मध्ये पेंड्र्याहून 'छत्तीसगढ़ मित्र' हे हिंदी मासिक काढले. पैशाअभावी ते तीन वर्षांत बंद पडले. थोड्या वाचकांच्या वर्गणीवर काही चालवणे किती कठीण असते हे या भागाने तेव्हाच पाहिले आहे, म्हणून कंपन्यांची अडचण मला कळते. उलट टोकही याच भागाने पाहिले. 1 ऑगस्ट 1975 ला 'साइट' प्रयोग सुरू झाला. अमेरिकेच्या एटीएस-6 उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे 2400 गावांत टीव्ही पोचला, त्यात रायपूर जिल्ह्यातली गावे होती. शाळेच्या किंवा पंचायतीच्या ओट्यावर एक संच आणि समोर सगळे गाव. पाहणाऱ्याला एक पैसा पडला नाही. आजही डीडी फ्री डिशला महिन्याचे भाडे नाही आणि सह्याद्री वाहिनी तिथे मिळते. पण आत्याची मालिका सशुल्क वाहिनीवर आहे, ती तिथे येत नाही.

शेवटी केबल काढली नाही. अॅपचा प्रयोग आठ दिवस चालला. रिमोटवरचे आकडे आत्याला पाठ होते, आता तिला आधी 'कोण पाहत आहे' या प्रश्नाला उत्तर द्यावे लागे, मग नातीच्या कार्टूनमधून वाट काढत मालिका शोधावी लागे. नवव्या दिवशी भैया वसुलीला आला, तेव्हा ती दाराशी उभी राहून त्याच्याशी हिंदीत बोलत होती. त्याने सांगितले की पॅक पुन्हा महागला आहे. तिने त्याला थांबायला सांगितले, आत जाऊन खणातला कागद आणला आणि विचारले, "भैया, ये वाला अकेला अभी भी मिलता है ना?"

"मिलता है, माताजी," तो म्हणाला, आणि खिशातून पेन काढून जुन्या 19 च्या शेजारी त्याने नवा आकडा लिहिला.