देहधर्म आणि दायित्व

मनुष्याच्या कृतीचे कर्तृत्व प्रकृतीकडे किती आणि त्याच्या स्वतःकडे किती, हा प्रश्न सांख्यांपासून आपल्या दर्शनकारांनी परोपरीने चर्चिला आहे; परंतु ऋतुस्रावापूर्वीच्या आठवड्यात जिचे चित्त महिन्यामागून महिने संतापाने, भयाने अथवा जीव नकोसा करणाऱ्या विषादाने ग्रासले जाते आणि पाळी आल्यावर थोड्याच दिवसांत पूर्ववत निवळते, त्या स्त्रीपुढे तोच प्रश्न बोलून गेलेल्या शब्दांची कैफियत होऊन उभा राहतो.

अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली या व्याधीला आपल्या निदानग्रंथात स्वतंत्र विकाराचे स्थान दिले, आणि निदान पक्के करण्यासाठी किमान दोन ऋतुचक्रांच्या दैनंदिन नोंदींची अट घातली. या स्त्रियांच्या रक्तातील संप्रेरकांचे प्रमाण सामान्यतः इतरांसारखेच असते. त्या संप्रेरकांच्या स्वाभाविक चढउताराला त्यांचा मेंदू मात्र निराळा प्रतिसाद देतो. सबब, येथे इच्छाशक्तीचे दौर्बल्य शोधणे अन्यायाचे आहे.

तैत्तिरीय संहितेतील कथेत इंद्राच्या ब्रह्महत्येच्या पातकाचा एक अंश स्त्रियांकडे आला आणि तो रजोरूपाने प्रकटला, असे सांगितले आहे. अशा रीतीने निसर्गक्रमावर पातकाची मुद्रा उमटली, आणि तिचा प्रतिवाद सोयराबाईंसारख्या संत स्त्रीला अभंगातून करावा लागला. या जुन्या अन्यायाच्या जागी आता नवा अन्याय येऊ नये. स्त्रीच्या प्रत्येक रास्त तक्रारीवर ‘पाळी जवळ आली असेल’ असा शेरा मारून ती फिर्याद दप्तरदाखल करणारा मनुष्य विज्ञानाचे नाव घेऊन तिचे कर्तेपणच हिरावून घेतो.

राजस्थान उच्च न्यायालयाने २०१८ साली, खुनाच्या आरोपातील एका स्त्रीच्या ऋतुपूर्व विकाराचा विचार करून तिला दोषमुक्त केले. न्यायासनाला एका कृत्यापुरता निकाल द्यावा लागतो. घरातल्या माणसांना मात्र पुढच्या महिन्यातही एकत्र राहायचे असते, आणि म्हणून दोषी की निर्दोष एवढ्याने त्यांचे भागत नाही.

माझ्या मते दायित्व येथे नष्ट होत नाही, त्याचा काळ बदलतो, आणि ते एकटीचेही राहत नाही. चित्त निर्मळ असताना नोंदी ठेवणे, वैद्याकडे जाणे, आपल्या माणसांना विश्वासात घेणे, हा तिचा धर्म. तिच्या त्या दिवसांतील शब्दांना अखेरचा निवाडा न मानणे, परंतु त्यांतले गाऱ्हाणे तिच्या स्वस्थ दिवसांत तिच्याच तोंडून पुन्हा ऐकणे, आणि मरणाची भाषा निघाली तर मात्र पाळीची वाट न पाहता तत्क्षणी वैद्यकीय साहाय्य मिळवणे, हा आप्तांचा धर्म. मनावर देहाची सत्ता चालते हे ज्याने ओळखले, त्याने क्षमा करून थांबू नये. पुढच्या महिन्याची तयारी तिच्याबरोबर करावी.