कॅमेरा बंद ठेवणारा विद्यार्थी

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि पुढे शाळा-कॉलेजे मोबाईलवर भरू लागली. त्या दिवसांत शिक्षकांची एक तक्रार सर्रास ऐकू येई: मुले कॅमेरा लावत नाहीत, काळ्या चौकटींना शिकवायचे कसे? तक्रार खोटी नव्हती. समोरच्या डोळ्यांत समजल्याची खूण दिसली नाही, की शिकवणाऱ्याचा आवाज कोरडा पडतो. पण म्हणून सक्ती करण्याचा अधिकार शिक्षकाला पोहोचतो काय?

वर्गात सर्वांच्या पाठीमागे एकच भिंत असते. ऑनलाइन वर्गात मूल आपले घर पाठीशी घेऊन बसते. एकाच खोलीत आजी अंथरुणावर, आई स्वयंपाकात, धाकट्याची रड, आणि तिघा भावंडांत मिळून एक मोबाईल. हे सारे साठ जणांपुढे उघडे करायला लावणे म्हणजे शिस्त नव्हे. मुलाचा वर्ग संपेपर्यंत घरच्या बायकांनी आडोशाला उभे राहायचे काय? (व्हिडिओला डेटाही जास्त लागतो, तो कोणाच्या खिशातून, हे कोणी विचारत नाही.)

शिवाय चेहरा दिसला की जवळीक झाली, हेही तितकेसे खरे नाही. इंग्लंडमध्ये १८४० साली आयझॅक पिटमन टपालाने लघुलेखन शिकवू लागला. विद्यार्थी धडे लिहून पाठवीत, तो दुरुस्त करून परत धाडी. ती परत येणारी दुरुस्ती हेच त्यांचे नाते. आपल्याकडे हदीसच्या विद्येत समक्ष ऐकण्याला, म्हणजे समाअला, मोठा मान. पण उस्तादाने शागीर्दाला लिहून पाठवणे, मुकातबा, हीसुद्धा मान्य रीत होती. नुसते लिखाण हाती लागून वाचणे, विजादा, मात्र सर्वांत कमी प्रतीचे, कारण तिथे शागीर्दाला उद्देशून देणारा कोणी नसतो. रेकॉर्ड केलेले व्याख्यान ग्रुपवर टाकून मोकळा होणारा शिक्षक मुलांना विजादावरच सोडतो, मग चेहरा त्याचा दिसो वा त्यांचा.

तेव्हा आधी पाहावे ते हे, की कॅमेरा बंद ठेवणाऱ्या मुलीने चॅटमध्ये मोडक्या वाक्यात टाकलेल्या शंकेला तिचे नाव घेऊन उत्तर मिळते, की ती शंका वर सरकून जाते? तिच्या वहीच्या फोटोवर दोन ओळी लिहिल्या जातात, की नुसता अंगठा?

लहानांचे वाचन, उच्चार, अक्षर गिरवणे यांसाठी पाहावेच लागते. तिथे विचारून, थोडा वेळ, एकेकाला पाहावे. साठ मुलांच्या शिक्षकाला एवढा वेळ कुठून मिळायचा, हे मात्र संस्थाचालकांनाच विचारायला हवे.