पोशिंद्याचा अधिकार

आठवडी बाजारात ओल्या झिंग्यांचा ढीग तराजूत पडतो, तेव्हा त्या व्यवहारात धर्माधर्माचा काही प्रश्न दडलेला आहे असे घेणाऱ्यालाही वाटत नाही आणि विकणाऱ्यालाही वाटत नाही; परंतु त्याच ढिगातले, अद्याप पाय हलवीत असलेले काही जीव कोणा हौशी गृहस्थाने पाण्याच्या भांड्यातून घरी नेले आणि काचेच्या पेटीत जिवंत ठेवले, की स्वतः न खाणारा पण खाणाऱ्याला कधी न टोकणारा शेजारचा माळकरी आणि रोज आमटीत सुकट टाकणारी घरातली आजी, ही दोघेही एकदम न्यायासनावर बसतात व विचारतात की, मुक्या जिवाला असे कोंडून ठेवण्याचा अधिकार तुला कोणी दिला? मारून खाल्ल्याबद्दल जाब नाही आणि जगविल्याबद्दल मात्र आहे, ही विसंगती प्रथमदर्शनी हास्यास्पद वाटते खरी. तरीही ती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. खाणे ही जुनी वहिवाट आहे, तिचे विधिनिषेध ठरलेले आहेत, एकादशी आणि श्रावण यांनी तिला मर्यादा घालून दिलेल्या आहेत, आणि वहिवाटीत विवेकबुद्धीला सहसा झोप लागते. केवळ पाहण्यासाठी जीव पाळणे ही गोष्ट त्या मानाने नवी, तिच्यासाठी कोणताच दंडक आयता मिळत नाही, म्हणून तिच्यापुढे आपले मन सावध होते. आजीचा प्रश्न म्हणूनच रास्त आहे.

हा प्रश्न हिमायतनगरासारख्या गावी उपस्थित व्हावा, हे मला अस्थानी वाटत नाही. निजामी अमदानीत दप्तरी नाव बदलले तरी जुन्या माणसांच्या तोंडी वाढोणाच राहिलेले, परमेश्वराच्या मंदिराने आणि महाशिवरात्रीच्या यात्रेने ओळखले जाणारे हे गाव मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावर आहे. उत्तरेस मराठवाडा आणि विदर्भ यांची हद्द आखीत पैनगंगा वाहते, आणि थोड्या अंतरावर सहस्रकुंडाच्या काळ्या खडकांवरून ती खाली कोसळते. तिच्या डोहांत व ओढ्यांच्या संथ पाण्यात, शेवाळाच्या आडोशाला, जे काचेसारखे पारदर्शक झिंगे वावरतात, त्यांच्याकडे शिजविण्याच्या हेतूवाचून पाहणारा मनुष्य विरळा. पाहील त्याला मात्र पुष्कळ दिसेल. डोळे देठांवर बसविलेले, मिशा देहाहूनही लांब. कॅरिडिना या वंशातल्या इवल्याशा जातींच्या नांग्यांच्या टोकांना केसांचे कुंचले असतात आणि त्यांनी त्या दगडावरचे शेवाळ दिवसभर निपटीत असतात. मादी आपली अंडी पोटाखालच्या पायांत धरून ठेवते आणि त्यांना अखंड वारा घालावा तसे पाणी घालीत राहते.

जीव भांड्यात ठेवण्याची आपल्या वाङ्मयातील अतिप्राचीन कथा शतपथ ब्राह्मणात आहे. सकाळी हात धुताना मनूच्या ओंजळीत एक चिमुकला मासा आला आणि म्हणाला की, माझे पोषण कर, मी तुला तारीन. मोठे मासे लहानांना गिळतात, म्हणून लहान असेतो मला कुंभात ठेव, कुंभ पुरेनासा झाला की खड्डा खणून त्यात ठेव आणि तोही अपुरा पडला म्हणजे समुद्रात नेऊन सोड, असा क्रमही त्यानेच घालून दिला. पुढला जलप्रलय आणि नौका यांच्या तेजाने या कथेचा पूर्वार्ध झाकोळून गेला आहे. वस्तुतः पोशिंद्याचा सारा आचारधर्म त्या पूर्वार्धातच आहे. मनूने माशाला मागितल्यावरून आश्रय दिला. तो आश्रय भयापासून संरक्षण म्हणून होता. आणि भांडे जिवाच्या मापाचे ठेवण्याची, म्हणजे जीव वाढेल तसे भांडे वाढविण्याची व अखेर भांडेच मोडीत काढण्याची जबाबदारी भांडेवाल्याची होती. दुसरी कथा याच मातीतली. पारध्यांच्या कुत्र्यांपुढून पळत आलेला ससा चक्रधरस्वामींच्या मांडीखाली शिरला, स्वामींनी पारध्यांना परावृत्त केले आणि भय टळल्यावर सशाला जाऊ दिले, ही लीळा महानुभावांच्या घरोघरी ठाऊक आहे. म्हाइंभटाने लीळाचरित्रात स्वामींच्या आठवणी गोळा केल्या, त्यांत चमत्काराहून अशा साध्या प्रसंगांचेच मोल मला अधिक वाटते. सशाला वाचविणाऱ्याने सशावर मालकी सांगितली नाही.

या दोन कथांपुढे आपला हौशी गृहस्थ उभा केला, तर त्याची बाजू फारच लंगडी पडते. झिंग्याने त्याच्याकडे अर्ज केलेला नाही. कुत्री मागे लागली म्हणून तो घरात शिरलेला नाही. बाजारातून आणलेला एखादा जीव कढईतून वाचला हे खरे, पण तेवढ्यावर उपकारकर्त्याचा आव आणणे अप्रामाणिकपणाचे होईल, कारण गृहस्थाला त्याची दया आली म्हणून तो घरी आलेला नसून तो देखणा वाटला म्हणून आला आहे. तेव्हा दयेचा दाखला येथे चालणार नाही. मग कोणता चालेल? माझे मत असे की, येथे अधिकार असलाच तर तो अमानतदाराचा आहे. ठेव त्याच्या ताब्यात आहे, परंतु तिच्या मालाचा धनी तो नाही, आणि हिशेब विचारणारा दुसरा कोणी नसल्यामुळे हिशेब त्याने स्वतःच स्वतःला द्यावयाचा आहे.

हा हिशेब पेटी मांडण्यापासूनच सुरू होतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशा पेटीत सुमारे ५६ लिटर पाणी मावते. तळाशी स्वच्छ धुतलेली नदीची वाळू, चार काळे दगड, हायड्रिला किंवा व्हॅलिस्नेरियासारख्या पाणवनस्पती आणि हवेच्या पंपावर चालणारी स्पंजाची गाळणी, एवढा सरंजाम पुरतो. परंतु एवढे मांडून झाल्यावर त्याच दिवशी झिंगे सोडणारा मनुष्य त्यांना विषात सोडीत असतो. जिवांच्या मलातून आणि कुजणाऱ्या अन्नातून अमोनिया उत्पन्न होतो. त्याचे नायट्राइट करणारे जीवाणू वेगळे आणि त्या नायट्राइटचे त्या मानाने निरुपद्रवी असे नायट्रेट करणारे वेगळे. ही अदृश्य प्रजा वाळूत व स्पंजात रुजण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोवर पोशिंद्याने चिमूटभर खाद्य टाकून रिकाम्या पाण्याकडे पाहत बसणे हेच त्याचे कर्तव्य असते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून ते उघड्या बादलीत दिवसभर मुरू द्यावे लागते. कपाशीवर फवारणी चालू असता ओढ्याचे पाणी आणणे किंवा खोलीत डासांचे औषध मारणे म्हणजे कत्तलीचा हुकूम देणे होय, कारण कीटकांसाठी केलेले विष कीटकांच्या या जलचर आप्तांनाही तितकेच लागू पडते.

तांब्याची गोष्ट तर विचार करण्यासारखी आहे. आपल्या देवघरात पळी-पंचपात्री तांब्याची, रात्रभर ठेवलेले पाणी तांब्याच्या भांड्यातले, तीर्थ तांब्याच्या पळीने. त्या पावित्र्याविषयी वाद नाही. पाण्यात उतरलेला तांब्याचा अल्पसा अंश मात्र झिंग्याचा प्राण घेतो. आणि तरीही झिंग्याच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे जे द्रव्य असते, त्याच्या घडणीत लोह नसून तांबेच असते! एकाच धातूवर त्याचे जीवन अवलंबून आहे आणि त्याच धातूने त्याचे मरण ओढवते. भेद केवळ मात्रेचा. आपल्याला जे पवित्र तेच इतरांनाही हितकर असले पाहिजे, हा समज धर्मनिष्ठ माणसाने कोठेतरी सोडावा लागतो, तो येथे सुटतो. उत्तम हेतूने घातलेले तीर्थही या पेटीत चालत नाही.

झिंगा वाढतो तो कात टाकून. जुने कवच पाठीवर उकलते, आतला मऊ देह एका झटक्यात बाहेर पडतो आणि नवे कवच कठीण होईपर्यंत तो दगडाआड लपून राहतो. हे पाहताच गीतेतील जीर्ण वस्त्रांची उपमा ओठांवर येणे स्वाभाविक आहे, आणि कीर्तनकाराला तर हा दृष्टान्त फुकट मिळालेला आहे; पण कीर्तनकाराने थोडा वेळ थांबून पुढे काय होते तेही पाहावे. काही वेळाने झिंगा परत येतो आणि टाकलेले वस्त्र खाऊन टाकतो, कारण त्यातला चुना त्याला नव्या कवचासाठी हवा असतो. नवखा पोशिंदा ते कवच मेलेला झिंगा समजून उचलून फेकतो. त्या स्वच्छतेची किंमत झिंग्याला भरावी लागते. आत्म्याला जुन्या देहाचे काही देणे नसेल. या जिवाला आहे, आणि वेदान्ताचा दृष्टान्त तेथेच संपतो याचे मला दुःख नाही.

अशा रीतीने पेटीपुढे बसणाऱ्याच्या ध्यानात हळूहळू येते की, आपण एका लहानशा सृष्टीचे विधाते होऊन बसलो आहोत आणि विधातेपण हे काम दिसते त्याहून निराळे आहे. सृष्टीत दुःख का, हा प्रश्न आपण आजवर प्रजेच्या बाजूने विचारीत आलो. येथे तो सिंहासनाच्या बाजूने विचारावा लागतो. वैशाखात पारा ४२ अंशांच्या वर जातो, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो, त्यातच वीज जाते व पंप बंद पडतो. आपल्या मनात यत्किंचितही द्वेष नसताना आपल्या राज्यात प्रजा धापा टाकू लागते. ओले फडके पेटीवर गुंडाळावे, पेटी भिंतीच्या सावलीला हलवावी, उडून गेलेल्या पाण्याच्या जागी साठविलेले पावसाचे पाणी घालावे, कारण बोअरच्या जड पाण्याची भर घालीत गेल्यास क्षार साचत जातात. हे सर्व करूनही काही जीव जातात. तथापि ज्यांनी पुष्कळ पेट्या सांभाळल्या त्यांचा अनुभव असा की, झिंगे जितके दुर्लक्षाने मरतात त्याहून अधिक अतिकाळजीने मरतात. जास्त खाद्याने पाणी नासते, वारंवार पाणी बदलल्याने त्यांना धक्का बसतो, रोज दगड उचलून पाहिल्याने लपण्याची जागा नाहीशी होते. ईश्वर भक्ताच्या प्रत्येक हाकेला धावत नाही, अशी तक्रार करणाऱ्याने एक उन्हाळा झिंगे सांभाळून पाहावे. ईश्वराचे अस्तित्व त्याने सिद्ध होणार नाही, परंतु हात आवरण्याचे सामर्थ्य ही सत्तेची अर्धी बाजू आहे एवढे कळेल.

मनूच्या भांड्याकडे आता पुन्हा यावे लागते, कारण सर्वांत कठीण हिशेब तेथेच आहे. मॅक्रोब्रॅकियम लामारेईसारखे लहान झिंगे तळ्याच्या गोड्या पाण्यात जन्मतात आणि तेथेच प्रजा वाढवून मरतात. त्यांच्या जीवनाचे वर्तुळ नीट मांडलेल्या पेटीत पूर्ण होऊ शकते. गोदावरीच्या खोऱ्यातला मोठा झिंगा, मॅक्रोब्रॅकियम माल्कमसोनी, याची गोष्ट वेगळी. त्याच्या पिलांना प्रारंभीच्या अवस्थेत मचूळ पाणी लागते आणि ते मिळते नदीच्या मुखाशी. पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धेचे पाणी प्राणहितेतून गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते, एवढा लांबचा हा मामला आहे. अशा जिवाला हिमायतनगरच्या दिवाणखान्यात कितीही लाडाने ठेवले, तरी त्याची ती निर्वंश जन्मठेप आहे. मनूने भांडी वाढवीत नेऊन शेवटी समुद्र दिला. ज्याच्यासाठी समुद्र आवश्यक आहे, त्याला पेटी देणाऱ्याने तो कोठून द्यावा?

मात्र येथे एकट्या गृहस्थालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे न्याय्य होणार नाही. आर्थर कॉटनने दवलेश्वरमचा बंधारा १८५२ साली पुरा केला, तेव्हापासून गोदावरीत वर चढणाऱ्या जलचरांची वाट एकेका भिंतीने अडत गेली आहे. पैठणचे जायकवाडी, नांदेडचे विष्णुपुरी, सीमेपलीकडचे श्रीरामसागर, या सर्वांनी नदीच्याच पेट्या केल्या. त्यांनी शेते भिजली, गावांची तहान भागली, आणि त्यांविरुद्ध बोलण्याचा कृतघ्नपणा मी करणार नाही. बाभळी बंधाऱ्याच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली निकाल दिला की, दरवाजे १ जुलैपासून २८ ऑक्टोबरपर्यंत उघडे ठेवावेत; वाद दोन राज्यांच्या हिश्शाचा होता, आणि पावसाळ्याच्या ऐन दिवसांत नदीचा तेवढा तुकडा तरी मोकळा राहिला तो त्या हिश्शाच्या कृपेने. अमानतीचा जो नियम काचेच्या पेटीला, तोच सिमेंटच्या पेटीलाही लागू का नसावा, हे एखाद्या जलसंपदा अधिकाऱ्याने सवडीने मनाशी विचारून पाहावे.

राहता राहिला सुटकेचा प्रश्न. कंटाळा आला की पेटी नदीत रिकामी करून पुण्य जोडल्याचे समाधान मानणारे पुष्कळ असतात. जैन गृहस्थांची पाणी गाळण्याची जुनी रीत त्यांनी अभ्यासावी: फडक्यात अडकलेले सूक्ष्म जीव, जिवाणी, ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत परत पोचवावयाचे, दुसऱ्या पाण्यात नव्हे. दुकानातून आणलेला तैवानी लाल झिंगा किंवा परदेशी मासा पैनगंगेत सोडणारा मनुष्य एका जिवावर दया करून सहस्रांवर संकट सोडतो. थाई मांगूर आपल्या जलाशयांत शिरल्यावर काय झाले हे कोणत्याही भोयाला विचारावे.

म्हणून ज्यांना ही हौस करावयाचीच आहे, त्यांना माझे सांगणे एवढेच: भोयाला विचारून लहान जातीचे मोजके झिंगे जवळच्याच पाण्यातून घ्या, पेटी महिनाभर आधी मांडा, पावसाळ्यात पोटाखाली अंडी घेऊन आलेली मादी हाती लागली तर तेथल्या तेथे सोडून द्या, आणि पुढेमागे परत करावे लागले तर ज्या डोहातून आणले त्याच डोहात परत करा. मोठ्या झिंग्याला मात्र घरी आणू नका.