विचारणे आणि उकरणे

जगावेगळे आयुष्य जगलेल्या माणसाला रेडिओवर बोलावायचे, चार प्रश्न विचारून बोलते करायचे, ह्यात वावगे काय, असे कुणीही म्हणेल. आम्हाला मात्र त्यात एक पेच दिसतो, आणि तो आपल्या वाचकांना चटकन उमगेल. सूरह हुजुरातच्या १२व्या आयतीत दुसऱ्याचे खाजगी हुडकत फिरण्याला, म्हणजे तजस्सुसला, मनाई आहे. गीबतीचा निषेधही तिथेच आहे. आणि लगेच १३व्या आयतीत सांगितले आहे की माणसांच्या कौमा आणि कबिले केले ते एकमेकांची ओळख पटावी म्हणून. एका आयतीत उकरू नका, पुढच्याच आयतीत ओळखून घ्या. विचारल्यावाचून ओळख पटायची कशी? मुलाखत घेणारा ह्या दोन आयतींमधल्या चिंचोळ्या जागेत उभा असतो, त्याला ते ठाऊक असो वा नसो.

अमीन सयानी म्हटले की आपल्याला 'गीतमाला' आठवते. १९५२ साली रेडिओ सिलोनवर सुरू झालेला तो कार्यक्रम, आणि 'बहनो और भाइयो' ही साद. त्यात बहिणी आधी, हे आमच्या आयाबायांनी बरोबर हेरले होते. २० फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले तेव्हा जवळजवळ सगळे लेख गाण्यांवरच आले. पण त्यांचे दुसरे एक काम आम्हाला मोलाचे वाटते. आकाशवाणीसाठी त्यांनी 'स्वनाश' नावाची १३ भागांची मालिका केली. विषय एड्सचा. रोग्यांच्या कहाण्या त्यांनी नाटकांच्या रूपात मांडल्या, आणि डॉक्टर व समाजकार्यकर्ते ह्यांच्या मात्र मुलाखती घेतल्या. ज्यांना आपले नाव सांगायला भीती नव्हती ते आपल्या आवाजात बोलले. ज्यांना नाव कळताच घरमालकाने बाहेर काढले असते, त्यांचे दुःख नटांच्या आवाजात आले. कहाणी ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचली आणि माणूस झाकलेला राहिला. ह्यालाच आपल्याकडे पर्दापोशी म्हणतात. दुसऱ्याचा ऐब झाकणे ही आपल्याकडे नेकी मानली जाते. ऐब नसलेले दुःखही झाकण्याजोगे असू शकते, एवढीच त्यात भर घालावी.

हे संस्कार त्यांना घरातून मिळाले असावेत. त्यांच्या आई कुलसुम सयानी गांधीजींच्या सांगण्यावरून 'रहबर' हे पाक्षिक चालवीत. भाषा एक, हिंदुस्थानी. लिपी तीन, देवनागरी, उर्दू आणि गुजराती. नुकत्याच वाचायला शिकलेल्या प्रौढांसाठी ते निघे. ऐकणारा कोण आहे ह्याचा विचार बोलण्याच्या आधी करायचा, ही शिस्त त्या घरात होती.

आता 'जगावेगळे' ह्या शब्दाकडे वळू. वेगळे, पण कुणाच्या जगापासून? आमच्या माणगावचेच घ्या. मोर्बा, गोरेगाव, म्हसळा ह्या पट्ट्यात नवरा वीस वीस वर्षे आखातात आणि बायको इथे, हे इतके नित्याचे की त्यावर कुणी दोन शब्द खर्च करीत नाही. सासूसासऱ्यांचे आजारपण, घराची चिरेबंदी, मुलींची लग्ने, सगळे तिने पार पाडलेले. पुण्याच्या श्रोत्याला हे ऐकून नवल वाटेल. तिला स्वतःला वाटणार नाही; ती म्हणेल, माझ्यात काय आहे, शेजारणीचेही तेच.

उलट, ज्यात आम्हाला काहीच वेगळे दिसत नाही त्याचेच बाहेरच्याला कौतुक. "तुम्ही मुसलमान असून मराठी किती छान बोलता!" हे वाक्य ऐकलेले नाही असा वाचक ह्या अंकाला मिळणे कठीण. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण त्या 'असून'मध्ये विचारणाऱ्याने स्वतःला घरचा आणि आपल्याला पाहुणा ठरवलेले असते. १९९० साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष यू. म. पठाण होते, संतवाङ्मयाचे जाणकार. बार्शीचे अमर शेख संयुक्त महाराष्ट्रासाठी शाहिरी करीत गावोगाव फिरले. ह्यांना विचारण्याजोगे कितीतरी होते. त्यांच्या मराठीचे आश्चर्य करणे हा प्रश्न नव्हे, तो शिक्का आहे. अशा मुलाखतीत माणूस साक्षीदार राहत नाही, नमुना होतो. (आणि खरे सांगायचे तर आपल्यातले काही जण नमुना होण्यात रमतातही. वर्षातून दोनदा, ईदेला आणि दंगलीनंतर, त्यांना बोलावणे येते.)

शिकागोच्या स्टड्स टर्केल ह्यांनी १९५२ ते १९९७ अशी पंचेचाळीस वर्षे तिथल्या रेडिओवर लोकांना बोलते केले. नामवंत तर त्यात होतेच, पण १९७४च्या त्यांच्या पुस्तकात साध्या नोकरदारांना आणि कामगारांना एवढेच विचारलेले आहे की तुम्ही दिवसभर काय करता आणि ते करताना काय वाटते. त्यात नवल शोधलेले नाही. पुढे २००३ साली न्यूयॉर्कच्या मोठ्या रेल्वे स्थानकात 'स्टोरीकोर' नावाची एक खोली उभी राहिली. तिथे मुलाखतकारच नव्हता. मुलगी आईला विचारायची, नातू आजोबांना, आणि ध्वनिमुद्रण जतन व्हायचे. जवळच्याने विचारले की तजस्सुसचा दोष टळतो, असे वाटणे साहजिक आहे. आम्हाला हे पुरते पटत नाही. आपल्या घरातली आई, बाप कुवेतला असतानाच्या वर्षांबद्दल मुलीला काय सांगेल? मुलीला त्रास होईल तेवढे गाळूनच सांगेल. तीच बाई दिव्याकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये समोरच्या अनोळखी बाईला पनवेलपर्यंत सगळे सांगून मोकळी होते, कारण पनवेलनंतर दोघींची गाठ पडायची नसते. परक्याची गरज असते ती अशी. फक्त तो परका ऐकून उतरून जाणारा हवा. रेडिओवाला ऐकून घेतो आणि लाखोंना ऐकवतो, इथे सारा फरक पडतो.

म्हणून ध्वनिमुद्रण झाल्यावर ते त्या माणसाला ऐकवावे आणि "ह्यातले काय काढू?" असे विचारावे, एवढी अट आम्ही कोणत्याही मुलाखतकाराला घालू. कार्यक्रम फिका पडला तरी चालेल.

आणि विचारायला माणसे हुडकत लांब जायला नको. आखातातून सुटीवर आलेला माणूस माणगावच्या स्टँडवर उतरतो तेव्हा त्याला पहिला प्रश्न असतो, "कधी आलास?" दुसरा, "किती दिवस आहेस?" तिसरा प्रश्न विचारायच्या आत रिक्षा सुटलेली असते.