भाकरीचा राखणदार

इंग्रजी प्रार्थनापुस्तकात पानोपानी येणारा ‘लॉर्ड’ हा शब्द उच्चारला की सिंहासन डोळ्यांसमोर येते. त्याचे मूळ मात्र स्वयंपाकघरात आहे. हजार वर्षांहून जुन्या इंग्रजीत तो ‘ह्लाफवेअर्ड’ असा होता. ‘ह्लाफ’ म्हणजे पाव, ‘वेअर्ड’ म्हणजे राखणदार. ‘लेडी’ म्हणजे त्याच पावाची कणीक मळणारी. केंटचा राजा एथेलबर्ट ह्याच्या सुमारे इ. स. ६०० च्या कायद्यात तर घरच्या आश्रिताला ‘पाव खाणारा’ असाच शब्द आहे. त्या घरात मोठा तो, ज्याच्यावर सर्वांच्या भाकरीची जोखीम.

आपण मराठीत ही जोखीम दुसऱ्या बाजूला टाकली. खाल्ल्या मिठाला जागायचे ते खाणाऱ्याने. वाढणाऱ्याने कशाला जागावे, हे तो वाक्प्रचार सांगत नाही. खानदेशात आखाजीला सालदाराचे साल ठरते. काम किती, पैसे किती, ह्याची बोली होते. मध्येच तो अंथरुणाला खिळला तर त्याच्या चुलीचे काय, हे बहुधा धन्याच्या भलेपणावर सोडलेले असते.

ह्याच खानदेशातील एरंडोलला लोकपरंपरा महाभारतातील एकचक्रा नगरी मानते; पांडववाडा तेथे आजही दाखवतात. बकासुराला गाडाभर भात, दोन रेडे आणि एक माणूस द्यावा लागे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आदिपर्वातला एक तपशील मात्र सांगताना गळून पडतो. बकासुर त्या नगरीचे परचक्रापासून रक्षण करीत असे आणि तो भात हे त्याचे वेतन होते! खरा राजा दुबळा, दूर बसलेला. राखणदाराची जागा रिकामी राहिली, तेव्हा खाणाराच तेथे येऊन बसला आणि नगरीने त्याला राखणदार मानले. यजमानाच्या घरावर पाळी आली, तेव्हा गाडा घेऊन गेला तो भीम. रोजच्या भिक्षेतला अर्धा वाटा कुंती ज्याला देत असे, तो. (वाटेतला भातही त्यानेच खाल्ला, हे सोडा.)

बेथलेहेम ह्या हिब्रू नावाचा अर्थ भाकरीचे घर. त्या गावी जन्मलेल्याने शेवटच्या भोजनाच्या रात्री शिष्यांचे पाय धुतले आणि त्यांनी आपल्याला प्रभू म्हणणे योग्यच आहे, असेही सांगितले. प्रभुत्व त्याने नाकारले नाही, हे मला महत्त्वाचे वाटते.

आपल्यापैकी ज्यांची शेती आहे, त्यांना येत्या आखाजीला बोली करताना आजारपणाचे दिवस कोणाच्या खात्यावर धरायचे, हे पैशांच्या आधी बोलता येईल.