अपलाप आणि उच्चारस्वातंत्र्य

ज्यूसंहार घडलाच नाही असे सांगणाऱ्यांमध्ये ज्याचे नाव विशेष गाजले तो रोबेर फोरिसाँ इतिहासकार नव्हता. तो आपल्यापैकीच, म्हणजे वाङ्मयाचा प्राध्यापक होता, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकांनी फारशी मनावर घेतलेली दिसत नाही. लिआँच्या विद्यापीठात तो फ्रेंच साहित्य शिकवीत असे. रँबोच्या कवितेचे खरे वाचन आजवर झालेलेच नाही, अशा अभिनिवेशाने १९६१ साली केलेल्या लेखनामुळे समीक्षकांच्या वर्तुळात त्याचे नाव झाले होते. संहितेला एकच अर्थ असतो, नाहीतर अर्थच नसतो, ही त्याची समीक्षादृष्टी. २९ डिसेंबर १९७८ रोजी 'ल मोंद' या दैनिकात त्याचा मजकूर प्रसिद्ध झाला आणि ऑश्विट्झच्या वायुकोठड्या ही केवळ अफवा असल्याचे प्रतिपादन फ्रान्सभर पोहोचले. तोवर त्याचा विषय बदललेला होता. वाचनाची पद्धती मात्र तीच राहिली होती.

ही पद्धती नीट न्याहाळण्यासारखी आहे. नाझी प्रशासनाच्या कागदपत्रांत ठार मारण्याला सहसा तसे म्हटलेले नसते. तेथे 'विशेष वागणूक' असते, 'पूर्वेकडे स्थलांतर' असते, 'अंतिम उत्तर' असते. अपलाप करणारा वाचक यांतील प्रत्येक शब्दाचा कोशातला अर्थ घेतो आणि विचारतो की यात हत्या कोठे आहे? त्यानंतर तो साक्षीदारांकडे वळतो. वायुकोठडी चालू असताना ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला एक तरी माणूस हजर करा, हे त्याचे आव्हान असते. जो आत गेला तो परतला नाही. जो वाचला त्याने आतले पाहिले नाही, म्हणून त्याची साक्ष अग्राह्य. ल्योतारच्या 'ल दिफेराँ' (१९८३) या ग्रंथाचा आरंभ नेमका या कोंडीपासून होतो. ज्याची हानी झाली आणि ती सिद्ध करण्याचे साधनही त्याच हानीत नष्ट झाले, त्याला ल्योतार 'बळी' म्हणतो. ज्याच्या हाती साधन उरले आहे तो 'फिर्यादी'. बळीला फिर्यादी होता येत नाही, आणि फिर्याद नाही म्हणून हानीही झाली नाही असा निष्कर्ष काढता येतो. 'नकार' या शब्दाऐवजी मी 'अपलाप' हा जुना शब्द वापरतो त्याचे कारण हेच आहे. नकार अजाणताही दिला जाईल. अपलाप करणाऱ्याला काय झाकायचे आहे हे ठाऊक असते.

अशा अपलापाला उच्चारस्वातंत्र्याचे संरक्षण असावे काय? या प्रश्नावर मानवी हक्कांच्या चळवळीत एकवाक्यता कधीच नव्हती. फ्रान्सने १३ जुलै १९९० च्या गेसो कायद्याने ज्यूसंहाराचा अपलाप दंडनीय ठरविला. त्याखाली फोरिसाँला शिक्षा झाली, तो संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे गेला, आणि १९९६ साली समितीने त्याच्या हक्काचा भंग झालेला नाही असे ठरविले. उलट कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली त्सुंडेल खटल्यात खोटी बातमी पसरविण्याचा गुन्हाच घटनाबाह्य ठरविला. पुढे २०१५ साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने आर्मेनियन लोकांच्या संहाराविषयी अशीच विधाने करणाऱ्या पेरिंचेकला स्वित्झर्लंडने केलेली शिक्षा गैर ठरविली. एका संहाराचा अपलाप गुन्हा, दुसऱ्याचा नव्हे. स्थळ, काळ आणि परिणाम यांच्या आधारे न्यायालयाने हा भेद समजावून दिला; तो तर्काला पटतो, पण आर्मेनियन वाचकाच्या गळी तो कसा उतरावा हे मला उमगलेले नाही.

अमेरिकेतील स्कोकी प्रकरण याहून अवघड आहे. शिकागोजवळच्या या गावात छळछावण्यांतून वाचलेले अनेक ज्यू राहत. १९७७ साली नाझी गणवेशातील एका टोळक्याला तेथे मोर्चा काढायचा होता, आणि त्यांचे वकीलपत्र अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनने घेतले. संघटनेचे हजारो सभासद सोडून गेले. तिचा तेव्हाचा कार्यकारी संचालक आर्ये नायर हा बर्लिनमध्ये जन्मलेला, लहानपणी नाझी जर्मनीतून बाहेर पडलेला ज्यू होता. त्याचा युक्तिवाद थोडक्यात असा, की सत्ता माझ्या शत्रूचे तोंड ज्या हाताने बंद करील, त्याच हाताने उद्या माझेही करील. मोर्चा अखेर स्कोकीत निघालाच नाही, शिकागोत निघाला. पिएर विदाल-नाके या फ्रेंच इतिहासकाराचे आईवडील १९४४ साली ऑश्विट्झला नेले गेले आणि परतले नाहीत. अपलाप करणाऱ्यांशी वाद घालायचा नाही, त्यांच्याविषयी मात्र लिहायचे, हा दंडक त्याने पाळला, आणि तरीही गेसो कायद्याला विरोध केला. ज्यांना शिक्षेची मागणी करण्याचा सर्वाधिक नैतिक अधिकार होता, अशांपैकी काहींनी ती केली नाही.

हे सारे वाशीममध्ये बसून लिहिताना आपल्याला याचे काय, असा प्रश्न येतो, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. आपल्याकडे ज्यूसंहाराचा अपलाप क्वचितच आढळतो. आढळते ती त्याविषयीची बेफिकिरी. हिटलरच्या आत्मचरित्राचे मराठी भाषांतर रेल्वे स्थानकावरील दुकानात व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी मांडलेले असते. पदव्युत्तर वर्गात एका हुशार विद्यार्थ्याने मला, "सर, पण माणूस शिस्तीचा होता," असे सांगितले होते, तेही निर्मळ चेहऱ्याने. २००६ च्या ऑगस्टमध्ये नवी मुंबईतील खारघरला हिटलरच्या नावाचे उपाहारगृह उघडले. ज्यू समाजाने निषेध केला, बोलणी झाली, काही दिवसांत पाटी बदलली. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळणारे आणि शनिवार पाळणारे बेने इस्रायल मराठीच बोलतात, हे त्या निमित्ताने काहींना पहिल्यांदा कळले असेल. येथे कायद्याची गरज पडली नाही. अज्ञानाला शब्दांनी उत्तर देता येते. अपलापाचे तसे नाही, आणि आपला स्वतःचा अपलाप पाहायचा तर खारघरहून खाडी ओलांडून मुंबईत यावे लागते.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधील दंगलींत, श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीनुसार, ९०० माणसे मृत्युमुखी पडली : ५७५ मुस्लिम, २७५ हिंदू, ४५ अज्ञात, ५ इतर. त्या दिवसांत 'सामना'तून आलेल्या अग्रलेखांवर खटले भरावेत, अशी याचिका राज्याचे माजी मुख्य सचिव जे. बी. डिसूझा आणि पत्रकार दिलीप ठाकूर यांनी मुंबई उच्च न्यायालयात केली. नवा कायदा करा, असे त्यांचे म्हणणे नव्हते. असलेली १५३-अ आणि १५३-ब ही कलमे वापरा, एवढेच होते. न्यायालयाने १९९४ साली याचिका फेटाळली. हे लेखन संपूर्ण मुस्लिम समाजाविरुद्ध नसून त्यातील राष्ट्रविरोधी घटकांविरुद्ध आहे, असे वाचन त्यात स्वीकारले गेले. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप नाकारला. पुढे जुलै २००० मध्ये बाळासाहेब ठाकरे यांना अटक झाली, पण दंडाधिकाऱ्यांनी मुदत उलटल्याच्या कारणावरून प्रकरण त्याच दिवशी निकालात काढले. या निर्णयांच्या कायदेशीर गुणावगुणांत मी शिरत नाही. माझ्या कामाचा भाग इतकाच की येथेही प्रश्न वाचनाचा होता : शब्द कोणाला उद्देशून आहे हे कोशावरून ठरवायचे, की तो ज्या आठवड्यात, ज्या गल्लीत वाचला गेला त्यावरून?

राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(२) मध्ये उच्चारस्वातंत्र्यावरील निर्बंधांची कारणे मोजून दिलेली आहेत. देशाची सार्वभौमता, राज्याची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, न्यायालयाचा अवमान, बदनामी वगैरे. 'असत्य' हे कारण त्यात नाही. याचा परिणाम असा, की आपल्या व्यवस्थेत विधान खरे की खोटे यापेक्षा ते कोणाला भडकवते याला महत्त्व येते. संख्येने वा शक्तीने मोठा समूह रागावला तर सुव्यवस्था धोक्यात येते. दुर्बल समूहाचा राग सुव्यवस्थेला धक्का देत नाही, म्हणून तो कायद्याला दिसत नाही. जेम्स लेन यांच्या शिवाजीविषयीच्या पुस्तकावरून ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेची मोडतोड झाली. त्यानंतर शासनाने बंदी घातली ती पुस्तकावर. ती उच्च न्यायालयाने २००७ साली रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली तो निर्णय कायम ठेवला. मधली वर्षे पुस्तक गैरहजर होते. १५३-अ चे आता भारतीय न्याय संहितेत १९६ झाले आहे. क्रमांक बदलला, ते हातात धरणारा बदलला नाही.

गेसो कायद्यामागे एक गृहीत आहे, ते मला इथे निर्णायक वाटते. तेथे राज्यसंस्थेने संहार मान्य केलेला आहे, त्याचा न्यूरेंबर्गचा निवाडा आहे. अपलाप करणारा कडेला उभा राहून मध्यवर्ती सत्य नाकारतो. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल ऑगस्ट १९९८ मध्ये विधिमंडळासमोर आला तो शासनाच्या कार्यवाही अहवालासह, आणि त्या कार्यवाही अहवालाने आयोगाचे मूळ निष्कर्ष एकांगी म्हणून झिडकारले होते. म्हणजे येथे नाकारणारा कडेला नाही, केंद्रस्थानी आहे. अशा ठिकाणी अपलापाला शिक्षा करण्याचा अधिकार कोणाला द्यायचा? ज्याच्याकडे तो जाईल त्यानेच अहवाल बाजूला सारला आहे. निवृत्त न्यायमूर्ती दाऊद आणि सुरेश यांनी १९९३ साली, सरकारी आयोगाची वाट न पाहता, साक्षी नोंदवून आपला स्वतंत्र निवाडा छापला. मानवी हक्क संघटनांच्या कामांत हे काम मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण उद्याच्या वाचकाला बळीचे म्हणणे फिर्यादीच्या भाषेत मिळण्याची तीच एक वाट होती.

याला उत्तर असे दिले जाते, की खुल्या वादात सत्य आपोआप वर येते. आयर्व्हिंग विरुद्ध लिपस्टाट खटल्याचा दाखला त्यासाठी नेहमी देतात. अपलाप करणारा आयर्व्हिंग स्वतःच बदनामीची तक्रार घेऊन लंडनच्या न्यायालयात गेला. रिचर्ड एव्हान्सने त्याच्या पुस्तकांतील तळटिपा एकेक करून मूळ कागदांशी ताडून पाहिल्या, आणि ११ एप्रिल २००० च्या निकालात तो हरला. इतिहास हे आख्यान आहे, म्हणून सर्व आख्याने सारखीच, असे हेडन व्हाइटच्या नावावर खपविणाऱ्या आपल्या चर्चासत्रांनी या तळटिपांचा प्रसंग तरी वाचावा. पण तो विजय आपोआप आला नव्हता. पुराभिलेख शाबूत होते, प्रकाशकाचा पैसा होता, तज्ज्ञ होते, आणि मुख्य म्हणजे कागद होते.

कागदाचे वाशीमला अप्रूप असायला हवे. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेविषयीचे आपले ज्ञान ज्या थोड्या लेखांवर उभे आहे, त्यांत येथे सापडलेला विंध्यशक्तीचा ताम्रपट प्रमुख आहे. दान देणाऱ्या राजासाठी तांबे होते. ज्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे हा जिल्हा २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधील विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत गणला गेला, त्यांच्यासाठी एक सरकारी नमुना होता. एक लाख रुपयांच्या साहाय्यासाठी ठरविलेल्या निकषांत नापिकी हवी, बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज हवे, आणि वसुलीचा तगादा हवा. जिल्हाधिकाऱ्यांची समिती कागद पाहते आणि प्रकरण 'पात्र' वा 'अपात्र' ठरविते. ऑश्विट्झ आणि सोयाबीनचे शेत यांची तुलना मी करीत नाही. ती अशोभनीय होईल आणि खोटीही. तुलना पुराव्याच्या मागणीची आहे. कर्ज विनापरवाना सावकाराचे असेल तर पावती नसते, कारण पावती देणे म्हणजे गुन्ह्याची कबुली देणे. घेणारा मेला आहे. देणारा बोलणार नाही. सातबारा सासऱ्याच्या नावावर. मग शेतकरी असल्याचा आणि कर्ज असल्याचा पुरावा आणा, असे विधवेला सांगितले जाते. 'अपात्र' हा शब्द मृत्यू नाकारत नाही; तो मृत्यूचे कारण नाकारतो, आणि तेही शेऱ्याच्या रकान्यात, कोणाही वक्त्यावाचून. या उच्चाराला उच्चारस्वातंत्र्याचा कोणता कायदा आवरणार? असा अपलाप करणाऱ्याला तोंड नसते, म्हणून त्याच्यावर बंदीही घालता येत नाही.

उलट दिशेने जाणारे एक उदाहरण मात्र आपल्याच कायद्यात आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकांनी ते जरूर वाचावे. सावकार पैसे देताना गहाणखत करीत नाही, शेताचे खरेदीखत करून घेतो. त्या दस्तात विकणारा, घेणारा, चतुःसीमा, मोबदला, साक्षीदार, सारे यथास्थित असते. फोरिसाँच्या पद्धतीने वाचले तर त्याला एकच अर्थ आहे : शेत विकले. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाने जिल्हा निबंधकाला अशा दस्ताची चौकशी करून, तो सावकारीपोटी झाला असल्याचे आढळल्यास तो अवैध ठरविण्याचा आणि जमीन परत देवविण्याचा अधिकार दिला. म्हणजे नोंदणीकृत संहितेच्या शब्दांपलीकडे जाऊन, ती कोणत्या हंगामात, कोणत्या गरजेपोटी आणि कोणासमोर लिहिली गेली हे विचारण्याची जबाबदारी एका अधिकाऱ्यावर टाकली. तो चौकशी करतो तेव्हा गावातील माणसे तोंडी सांगतात ते लिहून घ्यावे लागते. दस्तावर 'खरेदी' हाच शब्द असतो, आणि तो खाडाखोड न केलेल्या स्वच्छ अक्षरात असतो.