विटाळ आणि स्पर्श

धर्म माणसाला देवाच्या जवळ नेण्यासाठी असतो, हे कोणी नाकारणार नाही. तरीही धर्माच्याच नावाने घरातील लेकीसुनांना महिन्यातील चार दिवस देवापासून दूर बसविले जाते. देवानेच घडविलेल्या देहधर्माचा देवाला विटाळ होतो काय, असा हा साधा प्रश्न आहे. तो उघडपणे विचारण्याचा आपल्याला संकोच वाटतो आणि त्या संकोचाच्या आडोशाने रूढी निर्धास्त नांदते.

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत आपली कुटुंबे थोडी. कर्जत, नेरळ, खोपोली, रसायनी अशी विखुरलेली. शेजार मराठा, आगरी, ठाकूर, कातकरी असा नानाविध. शेजाराबरोबर बोली येते आणि बोलीबरोबर समजुतीही येतात. ‘कावळा शिवला’, ‘बाहेरची आहे’, ‘अडचण आली’ हे शब्द आपल्याही घरांत रुळले आहेत. ख्रिस्तसभेचा असा कोणताही नियम नाही. तरीही लोणच्याच्या बरणीला हात लावू नकोस, पवित्र मरियेच्या मूर्तीला हार घालू नकोस, आजचे वाचन दुसरीला करू दे, असे आई मुलीला हळूच सांगते. लग्नकार्य किंवा सण जवळ आला की पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेतल्या जातात. याचा सारा दोष शेजाऱ्यांच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येणार नाही. आपल्या स्वतःच्या परंपरेतही ही भीती होती.

सोवळेओवळे हे माणसाच्या मानण्यावर किती अवलंबून असते, हे पाहायला दूर जाण्याची गरज नाही. खोपोलीजवळ साजगावी कार्तिकी एकादशीला विठोबाची यात्रा भरते. त्या यात्रेत सुक्या मासळीचा मोठा बाजार लागतो आणि लोक त्या देवाला प्रेमाने ‘बोंबल्या विठोबा’ म्हणतात. माळकरी वारकऱ्याला जी मासळी वर्ज्य, तीच येथे त्याच्याच देवाच्या यात्रेचे वैभव ठरते. देव दोन्हीकडे एकच आहे; बदलतो तो माणसांचा नियम. त्याच विठोबाची भक्त आणि चोखोबांची पत्नी संत सोयराबाई हिने चौदाव्या शतकात विटाळाच्या कल्पनेच्या मुळालाच हात घातला. ज्या विटाळातून प्रत्येक देह जन्माला येतो, त्या देहाने दुसऱ्याला विटाळलेला कसे म्हणावे, असा तिच्या विचाराचा रोख आहे. तिच्याही आधी, तेराव्या शतकात, चक्रधर स्वामींनी ऋतुस्राव हा शेंबडासारखाच देहाचा एक नैसर्गिक स्राव होय, असे सांगून त्याचा विटाळ मानण्यास नकार दिला, असे महानुभाव परंपरा सांगते.

आता आपल्या धर्मग्रंथाकडे वळू. लेवीय पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात रजस्वला स्त्री सात दिवस अशुद्ध मानलेली आहे. तिला शिवणारा संध्याकाळपर्यंत अशुद्ध. हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु त्याच अध्यायाचा पूर्वार्ध पुरुषाच्या देहस्रावांविषयी आहे आणि त्यालाही अशुद्धच म्हटले आहे, हे फारसे कोणी सांगत नाही. नियम दोघांसाठी होता. लक्षात राहिला तो मात्र स्त्रीचा. रूढी देवाची इच्छा जपते की बलवानाची सोय, हे यावरून ज्याचे त्याने ठरवावे.

संत मार्कच्या शुभवर्तमानातील पाचवा अध्याय आपण अनेकदा ऐकला आहे. बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली, वैद्यांपायी सारे धन गमावलेली एक स्त्री गर्दीतून मागून येऊन प्रभूच्या वस्त्राला शिवते. ती बरी होते. प्रभूला गुपचूप पुढे जाता आले असते. पण तो थांबतो, तिला सर्वांसमोर बोलावतो आणि ‘मुली’ अशी हाक मारतो. जी लपून आली, तिला तो लपून परत जाऊ देत नाही. नियमाप्रमाणे तिच्या स्पर्शाने तोही संध्याकाळपर्यंत अशुद्ध व्हायचा. तो मात्र स्नानासाठी थांबत नाही, संध्याकाळची वाट पाहत नाही. तसाच याईराच्या घरी जातो आणि सर्वांनी मृत म्हटलेल्या मुलीचा हात आपल्या हाती घेतो. त्या मुलीचे वय मार्कने मुद्दाम नोंदविले आहे : बारा वर्षे. ज्या वयाच्या आसपास आपल्या घरांत मुलीला ‘हात लावू नकोस’ असे प्रथम सांगितले जाते, त्याच वयाच्या मुलीला प्रभू हात धरून उठवितो.

एवढे स्पष्ट असूनही ख्रिस्तसभेला हा धडा सहज वळला नाही. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचे बिशप दिओनिसियस यांनी लिहिले की, रजस्वला स्त्रीने पवित्र वेदीजवळ येऊ नये; मार्कमधील ती स्त्रीदेखील प्रभूला नव्हे, केवळ त्याच्या वस्त्राच्या काठाला शिवली होती. पुढे इंग्लंडमधील बिशप ऑगस्टिन यांना इ. स. ६०१ मध्ये पोप थोर ग्रेगरी यांनी पाठविलेले उत्तर इतिहासकार बीड यांनी नोंदवून ठेवले आहे. त्यात याच स्त्रीचा दाखला उलट अर्थाने येतो : तिने वस्त्राला शिवणे योग्य होते, तर निसर्गाने जे होते त्यासाठी कोणत्याही स्त्रीला मंदिरप्रवेश किंवा ख्रिस्तशरीर नाकारता येणार नाही. कोणी आदरापोटी स्वतःहून दूर राहिली तर ते स्तुत्य, असेही ते उत्तर म्हणते. गोष्ट एक, पण एकाने तिच्यात भिंत पाहिली आणि दुसऱ्याने दार. ती भिंत सावकाशच ढासळली. २ फेब्रुवारीच्या सणाचे ‘मरियेचे शुद्धीकरण’ हे नाव १९६९ च्या उपासना-सुधारणेत जाऊन तो प्रभूच्या समर्पणाचा सण झाला. मुलींना वेदीसेवेची वाट १९९४ साली मोकळी झाली. वाचक आणि वेदीसेवक ही सेवापदे पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली स्त्रियांसाठी खुली केली.

तरीही दोन आक्षेप उरतात. पहिला असा, की हा विटाळ नव्हे, आदर आहे. पण आदर स्वेच्छेचा असतो. जिला लहानपणापासून भय शिकविले, तिच्या दूर राहण्याला स्वेच्छा म्हणता येईल काय? दुसरा असा, की या चार दिवसांत स्त्रीला विसावा मिळतो. विसावा हवाच. भातलावणीच्या चिखलात दिवसभर वाकणाऱ्या, वैशाखात वाडीवरून उतरून पाणी भरणाऱ्या स्त्रीला तर तो हवाच हवा. परंतु चुलीपासून दूर ठेवलेली स्त्री हंड्यापासून, मोळीपासून दूर ठेवली जाते काय? विसावा आपण तिला विचारून देतो. विटाळ तिला न विचारता लादला जातो. दुखत असेल तर तिने पडून राहावे, घरातील पुरुषाने चूल पेटवावी. यासाठी तिला अशुद्ध ठरविण्याची काय गरज?

शेजाऱ्याच्या देवघराची रीत शेजाऱ्याने ठरवावी. त्याच्या घरी गेल्यावर तिचा मान राखणे हे सौजन्य आहे. तिची थट्टा करण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपल्या घराची रीत मात्र आपल्या हाती आहे. देवाच्या पुत्राने मरियेच्या रक्तमांसातून देह धारण केला, अशी आपली श्रद्धा आहे. ही श्रद्धा दर रविवारी उच्चारायची आणि घरी येऊन त्याच रक्ताला विटाळ म्हणायचे, हे कसे जमावे? म्हणून आईबापांना आमची विनंती आहे : मुलीला पहिली पाळी येईल तेव्हा तिला काय होत आहे ते नीट समजावून सांगा, वडिलांनाही ते कळू द्या आणि त्या संध्याकाळी कुटुंबाच्या रोझरीत पहिली प्रार्थना तिलाच म्हणू द्या. देव आपल्यापासून दूर सरकलेला नाही, हे तिला त्याच दिवशी कळले पाहिजे.